कुत्र्याचे वय माणसाच्या वयात कसे मोजावे : नव्या पालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा हिशेब इतका सर्वतोमुखी झाला आहे की घरात पहिल्यांदाच कुत्रा आणणारा माणूसही तो पाठ करूनच येतो. माणूस सुमारे सत्तर वर्षे जगतो आणि कुत्रा सुमारे दहा, एवढ्या ढोबळ भागाकारापलीकडे त्याला आधार नाही. तो पडताळून पाहायचा असेल तर आयुष्याची दोन टोके तपासणे पुरेसे आहे. एक वर्षाच्या बहुतेक कुत्र्यांचे कायमचे दात केव्हाच आलेले असतात, ती प्रजननक्षम झालेली असतात आणि त्यांची उंचीही जवळपास पूर्ण झालेली असते. सात वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात मात्र अजून पडतच असतात. दुसऱ्या टोकाला, पंधरा वर्षांपर्यंत पोचणारे लहान चणीचे कुत्रे काही दुर्मीळ नाहीत, पण एकशे पाच वर्षांची माणसे किती भेटतात?

कुत्र्याच्या आयुष्याला एकच एक वेग नसतो. पहिली दोन वर्षे ते भरधाव पुढे जाते, नंतर बरेच संथ होते, आणि त्यानंतरची गती किती राहील हे मुख्यतः कुत्र्याच्या आकारावर ठरते. त्यामुळे कोणत्याही एका आकड्याने गुणून मिळालेले उत्तर आयुष्याच्या एखाद्या टप्प्यावर योगायोगाने जुळेल, इतरत्र चुकेल. माणसाच्या वयाशी तुलना करण्याचा खरा उपयोग वाढदिवसाच्या गमतीपुरता नाही. आहार कधी बदलावा, रक्ततपासणी कधी सुरू करावी, कोणता बदल स्वाभाविक मानावा आणि कोणत्या बदलासाठी पशुवैद्याकडे धाव घ्यावी, हे त्यातून ठरते. म्हणून पुढील पायऱ्या क्रमाने घ्याव्यात आणि दर सहा महिन्यांनी त्यांच्यावर पुन्हा नजर टाकावी.

पायरी १ : जन्मतारीख मिळवणे किंवा तिचा अंदाज बांधणे

पिल्लू ब्रीडरकडून किंवा परिचितांकडून घेतले असेल तर जन्मतारीख लेखी मागून घ्यावी आणि लसीकरणाच्या पुस्तिकेत पहिल्याच भेटीत नोंदवून घ्यावी. तोंडी सांगितलेले वय चारपाच वर्षांत घरातल्या प्रत्येकाच्या आठवणीत वेगळे होते. कागद नसेल तर काय होते याचे ठळक उदाहरण पोर्तुगालमधील बॉबी या कुत्र्याचे आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्सने त्याला सर्वांत वयस्कर कुत्रा म्हणून मान्यता दिली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मरण पावला तेव्हा त्याचे वय ३१ वर्षे सांगण्यात आले. परंतु जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही या कारणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मान्यता मागे घेण्यात आली.

दत्तक घेतलेल्या किंवा रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तारीख मिळत नाही, तेथे दातांवर विसंबावे लागते. पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत सर्व २८ दात आलेले असतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास समोरचे पटाशीचे दात बदलू लागतात, त्यानंतर सुळे आणि दाढा येतात, आणि सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत कायमचे ४२ दात पूर्ण होतात. या काळापर्यंत दातांवरून बांधलेला अंदाज दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने बरोबर येतो.

त्यानंतर मात्र अचूकपणा झपाट्याने कमी होतो. ओठ हलकेच वर करून पटाशीचे दात जवळून पाहिले तर तरुण कुत्र्याच्या दाताच्या कडेवर तीन बारीक उंचवटे दिसतात, मधला मोठा आणि बाजूचे दोन लहान. वापराने हे उंचवटे झिजतात, झीज बहुधा खालच्या जबड्यातील मधल्या दातांपासून सुरू होते, आणि काही वर्षांनी कड सपाट दिसू लागते. त्याच वेळी मागच्या दाढांवर हिरडीलगत पिवळसर तपकिरी कीटण साचत जाते. हाडे किंवा दगड चावणाऱ्या कुत्र्याचे दात तीन वर्षांतच म्हाताऱ्यासारखे झिजतात, तर दात नियमित घासून घेणाऱ्या कुत्र्याचे दात सहाव्या वर्षीही फसवे स्वच्छ असतात. लहान जातींत दाटीवाटीच्या दातांमुळे कीटण लवकर साचते. त्यामुळे प्रौढ कुत्र्याबाबत पशुवैद्य ‘चार ते सहा वर्षे’ असा पट्टा सांगत असेल तर तो प्रामाणिकपणा समजावा. एकच आकडा ठामपणे सांगणाऱ्यापेक्षा त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. पट्टा मिळाल्यावर नोंदीत मधले वय लिहावे, परंतु आरोग्याचे निर्णय घेताना वरचे वय धरावे.

पायरी २ : पूर्ण वाढीचे वजन आणि ठेवण पाहणे

प्राण्यांच्या जगात सर्वसाधारणपणे मोठा देह म्हणजे दीर्घ आयुष्य. हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो. एकाच प्रजातीच्या आत मात्र चित्र उलटे दिसते आणि कुत्र्यांत ते फारच ठळक आहे. चिवावासारखा तीन किलोंच्या आतला कुत्रा १४ वर्षांच्या पुढे सहज जातो, तर साठ-सत्तर किलोंचा ग्रेट डेन अनेकदा आठ ते दहा वर्षांतच संपतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७४ जातींच्या ५६ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या गेल्या. वजनात सुमारे दोन किलोंची भर म्हणजे अपेक्षित आयुष्यात साधारण एका महिन्याची घट, असे प्रमाण त्यातून निघाले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा होता की मोठ्या कुत्र्यांचे म्हातारपण फार लवकर सुरू होते असे नाही, तर एकदा सुरू झाल्यावर ते अधिक वेगाने पुढे सरकते.

यामागे वाढीचा वेग असावा असे अनेक संशोधक मानतात. जन्मावेळी अर्ध्या किलोच्या आसपास असणारे ग्रेट डेनचे पिल्लू वर्षभरात पन्नास किलोंच्या पुढे जाते. लहान जातीच्या पिल्लाला एवढा पल्ला गाठायचा नसतो. आयजीएफ-१ या वाढीशी संबंधित प्रथिनाच्या जनुकातील फरक लहान-मोठ्या आकाराशी जोडलेला आहे, हे २००७ मध्ये दाखवले गेले, आणि हेच प्रथिन वार्धक्याच्या संशोधनातही पुन्हा पुन्हा समोर येते.

आपल्या कुत्र्याला पुढीलपैकी एका गटात बसवावे : प्रौढ वजन ९ किलोंपर्यंत असल्यास लहान, ९ ते २३ किलोंच्या दरम्यान मध्यम, २३ किलोंच्या पुढे मोठा, आणि ४५ किलोंच्या पुढे महाकाय. येथे वजन म्हणजे निरोगी, सडपातळ अवस्थेतील वजन. बारा किलोंचा लठ्ठ पग मध्यम गटात जात नाही, तो लहान गटातला लठ्ठ कुत्राच राहतो.

आकाराबरोबर चेहऱ्याची ठेवणही पाहावी. ब्रिटनमधील सुमारे ५ लाख ८४ हजार कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व कुत्र्यांचे मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगतात ते, १२.५ वर्षे निघाले. लांब नाकाच्या लहान माद्यांसाठी हा आकडा १३.३ वर्षे होता, तर चपट्या चेहऱ्याच्या मध्यम आकाराच्या नरांसाठी केवळ ९.१ वर्षे; फ्रेंच बुलडॉग लहान असूनही ९.८ वर्षांवर थांबला. म्हणजे ‘लहान कुत्रा दीर्घायुषी’ हा नियमही डोळे मिटून लावता येत नाही.

पायरी ३ : माणसाच्या वयात रूपांतर करणे

अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने लोकप्रिय केलेली पद्धत घरगुती वापरासाठी पुरेशी आहे. कुत्र्याचे पहिले वर्ष माणसाच्या १५ वर्षांबरोबर धरायचे, दुसऱ्या वर्षासाठी आणखी ९ वर्षे मिळवायची, आणि त्यानंतर प्रत्येक वर्षासाठी आकारानुसार ४ ते ६ वर्षे वाढवत जायचे. दोन वर्षांचा कुत्रा त्यामुळे २४ वर्षांचा तरुण ठरतो. पाचव्या वर्षापर्यंत लहान, मध्यम आणि मोठा हे तिन्ही गट ३६ च्या आसपास एकत्रच चालतात, नंतर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

सात वर्षांचा लहान कुत्रा ४४ वर्षांच्या माणसासारखा, मध्यम कुत्रा ४७ आणि मोठा कुत्रा ५० वर्षांच्या माणसासारखा मानला जातो. दहाव्या वर्षी हेच आकडे ५६, ६० आणि ६६ होतात. महाकाय कुत्र्याचे वय याहूनही वेगाने वाढते, दहाव्या वर्षाला पोचलाच तर तो ऐंशीच्या घरात असतो. पंधराव्या वर्षी लहान कुत्रा ७६ आणि मध्यम कुत्रा ८३ वर्षांचा धरला जातो. सातच्या गुणाकाराने दहा वर्षांचा प्रत्येक कुत्रा सत्तरीचा ठरला असता आणि एक वर्षाचा प्रत्येक कुत्रा बालवाडीतून नुकताच बाहेर पडलेला. दोन्ही ठिकाणी पालकाचा निर्णय चुकला असता.

या तक्त्यातही एक खोच आहे. पहिल्या वर्षाला १५ हा आकडा सर्वांना सारखाच लावला जातो, पण महाकाय जातींच्या पिल्लांची हाडे त्या वेळेपर्यंत पक्की झालेली नसतात. लहान कुत्र्यांच्या हाडांची वाढ सुमारे आठ ते दहा महिन्यांत पूर्ण होते, तर महाकाय जातींना दीड वर्ष आणि कधी त्याहून अधिक काळ लागतो. एक वर्षाचा मॅस्टिफ अंगाने अवाढव्य दिसला तरी सांध्यांनी अजून कोवळाच असतो, त्यामुळे त्याला उंचावरून उड्या मारायला लावणे किंवा लांबवर धावायला नेणे त्या काळात टाळावे.

२०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी एक वेगळेच सूत्र मांडले. वय वाढते तसा डीएनएवर चिकटणाऱ्या मिथाइल गटांचा आकृतिबंध बदलतो. डीएनएतील मजकूर तोच राहतो, त्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात. १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या या खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्यावर असे दिसले की कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढून त्याला १६ ने गुणावे आणि त्यात ३१ मिळवावेत, म्हणजे माणसाचे वय मिळते. कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ हे बटण असेल तर कोणालाही हे करता येईल. एक वर्षाचा लॅब्रॅडॉर ३१, दोन वर्षांचा ४२, चार वर्षांचा ५३, सात वर्षांचा ६२ आणि बारा वर्षांचा ७१ वर्षांचा, अशी उत्तरे येतात.

एक वर्षाचा कुत्रा १५ वर्षांचा की ३१ वर्षांचा, असा गोंधळ येथे नवख्या वाचकाला होणे साहजिक आहे. दोन्ही पद्धती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पहिली शरीराची वाढ, लैंगिक परिपक्वता आणि वागणूक यांचा ठोकताळा आहे. दुसरी पेशींच्या आतल्या रासायनिक घड्याळाची मोजणी आहे. दुसरी पद्धत वैज्ञानिकदृष्ट्या अधिक काटेकोर असली तरी ती एकाच जातीवर बेतलेली आहे, आणि एक वर्षाच्या हूड कुत्र्याला तिशीतला गृहस्थ समजून वागवणे कोणाच्याच हिताचे नाही. माझे मत असे आहे की रोजच्या व्यवहारासाठी तक्ता वापरावा, आणि सूत्रातून एवढेच उचलावे की कुत्र्याच्या शरीराची झीज आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर सुरू होते. सात वर्षांचा लॅब्रॅडॉर कितीही उत्साही दिसला तरी पेशींच्या पातळीवर तो साठी ओलांडलेला असू शकतो.

पायरी ४ : आयुष्याचा टप्पा निश्चित करणे

रूपांतरित वयापेक्षाही उपयुक्त प्रश्न असा की कुत्रा त्याच्या स्वतःच्या आयुष्यात कुठे उभा आहे. अमेरिकेतील प्राणी रुग्णालयांच्या संघटनेने २०१९ मध्ये यासाठी पाच टप्पे सांगितले : वेगाने वाढ होण्याचा काळ संपेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते नऊ महिन्यांपर्यंत पिल्लू, शारीरिक आणि सामाजिक परिपक्वता येईपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षांपर्यंत तरुण, त्यानंतर प्रौढ, अपेक्षित आयुष्याच्या शेवटच्या चतुर्थांशात ज्येष्ठ, आणि शेवटी अखेरचा काळ.

यातील ‘शेवटचा चतुर्थांश’ ही कल्पना नव्या पालकाने आवर्जून लक्षात ठेवावी, कारण तिचे गणित सोपे आहे आणि त्याला माणसाच्या वयाची गरजच पडत नाही. आपल्या कुत्र्याच्या जातीचे किंवा गटाचे अपेक्षित आयुष्य घ्यावे आणि त्याचे तीन चतुर्थांश काढावेत. १४ वर्षे जगणारा लहान कुत्रा साडेदहाव्या वर्षी ज्येष्ठ होतो, १२ वर्षे जगणारा मोठा कुत्रा नवव्या वर्षी, आणि आठ वर्षे जगणारा महाकाय कुत्रा सहाव्याच वर्षी. सहा वर्षांचा ग्रेट डेन आणि सहा वर्षांचा चिवावा यांना एकच तपासणीपत्रक लावणे किती चुकीचे आहे, हे यावरून ध्यानात येईल. ही तारीख काढून आजच दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. ती आली की पायरी ६ मधील बदल अमलात आणावेत.

पिल्लूपणातील काही मुदती इतक्या आखूड असतात की तेथे वर्षांची भाषाच निरुपयोगी ठरते. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकते. या काळात ज्या प्रकारची माणसे, आवाज आणि जमिनी त्याला सौम्यपणे अनुभवायला मिळतात, त्यांची भीती पुढे कमी राहते. पिल्लू घरी येते तेव्हा ही खिडकी अर्धीअधिक मिटलेली असते, म्हणून लसीकरण पूर्ण होण्याची वाट पाहत त्याला सर्वांपासून दूर ठेवण्याऐवजी कडेवर घेऊन बाहेरचे जग दाखवावे.

किशोरावस्था हा या लेखातील एकमेव असा टप्पा आहे जिथे माणसाशी तुलना अक्षरशः खरी ठरते. सहा महिन्यांपर्यंत ‘बस’ म्हटले की बसणारे पिल्लू आठव्या महिन्यात ऐकू न आल्यासारखे वागते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मार्गदर्शक म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांपैकी आठ महिन्यांच्या वयाचे कुत्रे आपल्या सांभाळणाऱ्याचे कमी ऐकत, परक्याचे मात्र ऐकत, असे आढळले. ज्यांच्या घरात किशोरवयीन मुले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. शिक्षा वाढवण्याची ही वेळ नव्हे. शिकवलेले तेच पुन्हा शांतपणे शिकवत राहावे, काही महिन्यांत कुत्रा ताळ्यावर येतो.

पायरी ५ : शरीराकडून वय तपासून घेणे

कागदावरचे वय एक असते आणि देहाचे वय दुसरे. पुढील निरीक्षणे महिन्यातून एकदा, कुत्रा निवांत असताना करावीत.

तोंडावरचे पांढरे केस हा सर्वांच्या नजरेत भरणारा, पण सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे. १ ते ४ वर्षांच्या ४०० कुत्र्यांच्या एका अभ्यासात, चिंताग्रस्त आणि उतावळ्या स्वभावाच्या कुत्र्यांची नाकाभोवतीची केसाळ जागा अधिक लवकर पांढरी झालेली दिसली. तरुण कुत्र्याचे तोंड पिकले असेल तर वयाचा हिशेब बदलण्यापूर्वी त्याच्या भीतीची कारणे शोधावीत.

डोळे अधिक सांगतात. सहा-सात वर्षांनंतर बाहुलीच्या आत निळसर धुरकट झाक दिसू लागते आणि अनेक पालक ‘मोतीबिंदू झाला’ म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा ते डोळ्यातील भिंग घट्ट होत जाण्याचे लक्षण असते आणि त्यातून दृष्टी फारशी बिघडत नाही. अंधाऱ्या खोलीत बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकल्यावर डोळ्याच्या तळाची हिरवट किंवा सोनेरी चमक त्या धुक्याआडून स्पष्ट परतत असेल तर बहुधा हीच स्थिती आहे. पांढरा अपारदर्शक ठिपका किंवा पडदा त्या चमकेला अडवत असेल तर मोतीबिंदूची शक्यता धरावी. फरक कोणता याची खात्री पशुवैद्यानेच करावी, कारण झपाट्याने वाढणारा मोतीबिंदू मधुमेहातही होतो.

सांध्यांचे वय पाहायचे असेल तर कुत्रा चालताना नव्हे, झोपेतून उठताना पाहावा. निरोगी कुत्रा मागचे पाय एका झटक्यात अंगाखाली घेऊन उभा राहतो. खुब्यात किंवा गुडघ्यात दुखत असलेला कुत्रा आधी पुढच्या पायांवर अंग उचलतो, क्षणभर बसल्यासारखा थांबतो, आणि मग मागचा भाग ओढून घेतो. गुळगुळीत फरशीवर त्याच वेळी मागची नखे घसरल्याचा आवाज येतो. पहिली काही पावले ताठर पडतात आणि नंतर चाल मोकळी होते. हे पाहून ‘वय झाले त्याचे’ असे म्हटले जाते, आणि वार्धक्याविषयीचे हेच वाक्य कुत्र्यांचे सर्वाधिक नुकसान करते, असे मला वाटते. वय हे दुखण्याचे कारण असेल, दुखणे सहन करत ठेवण्याचे कारण नाही. संधिवातावर औषध, वजन घटवणे आणि योग्य व्यायाम यांनी बराच आराम पडतो. माणसांच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही घरोघरी असणारी औषधे कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

वजनासाठी काट्याबरोबर हातही वापरावा. बरगड्यांवरून बोटे हलकेच फिरवल्यावर आपल्या पसरलेल्या हाताच्या पाठीवर जशी हाडे जाणवतात तशा बरगड्या जाणवल्या तर ठेवण योग्य समजावी. तळहातासारखी गुबगुबीत लागली तर कुत्रा लठ्ठ आहे, आणि मुठीच्या टोकदार हाडांसारखी लागली तर तो वाळला आहे. लठ्ठपणा आयुष्य किती खातो याचे मोजमाप झालेले आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या गेल्या आणि प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. पोटभर खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे, तर कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे निघाले, आणि दुसऱ्या गटात संधिवातही उशिरा आला. आयुष्य वाढवण्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही पुडीपेक्षा हा पुरावा भक्कम आहे.

गाढ झोपेत असताना छातीचे हेलकावे अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावेत. मिनिटाला ३० पेक्षा अधिक श्वास वारंवार भरत असतील तर हृदय किंवा फुप्फुसांची तपासणी हवी. पाणीही मोजावे : दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा संप्रेरकांचा विकार संभवतो. नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत अचानक जास्त पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

मेंदूचे म्हातारपण सर्वांत उशिरा ओळखले जाते. ओळखीच्या खोलीच्या कोपऱ्यात अडकून उभे राहणे, दाराच्या बिजागरीकडच्या बाजूने बाहेर पडण्याचा प्रयत्न करणे, रात्री जागून येरझाऱ्या घालणे, वर्षानुवर्षांची सवय मोडून घरात लघवी करणे, घरच्या माणसांबद्दल एकाएकी उदासीन होणे, या खुणा एकत्र दिसू लागल्या तर ती बोधनक्षमतेची घसरण असू शकते. २००१ मधील एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत अशा खुणांपैकी किमान एका प्रकारची खूण आढळली. अशी खूण दिसली की आधी बहिरेपणा, अंधत्व, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि वेदना ही कारणे तपासून बाजूला काढावी लागतात, कारण त्यांतली काही पूर्ण बरी होणारी असतात.

पायरी ६ : वयानुसार व्यवस्था बदलणे

प्रौढ वयात वर्षातून एकदा आणि ज्येष्ठ वयात दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. सहा महिने हा काळ आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण पायरी ३ मधील गणिताने मोठ्या कुत्र्यासाठी तो जवळपास तीन मानवी वर्षांचा असतो. रक्ताची पहिली सविस्तर तपासणी कुत्रा ठणठणीत असतानाच, प्रौढपणी करून ठेवावी. मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग गेल्याशिवाय क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते ते टाकाऊ द्रव्य, सामान्य मर्यादेबाहेर जात नाही. त्यामुळे कुत्र्याचा स्वतःचा जुना आकडा हाताशी असेल तर मर्यादेच्या आतली वाढही पशुवैद्याच्या लक्षात येते.

घरात फार मोठे बदल लागत नाहीत. निसरड्या फरशीवर कुत्र्याच्या नेहमीच्या वाटेवर चटया टाकाव्यात, अंथरूण जाड करावे, नखे अधिक वेळा कापावीत, कारण कमी चालणाऱ्या कुत्र्याची नखे झिजत नाहीत आणि लांब नखांनी पावलाची ठेवणच बदलते. फिरणे बंद करू नये. एका लांब फेरीऐवजी दोन-तीन छोट्या फेऱ्या घ्याव्यात. ऐकू कमी येण्याआधीच हाताच्या खुणांनी आज्ञा शिकवून ठेवल्या तर पुढे संवाद तुटत नाही, आणि हे काम तरुणपणीच करता येते. आहार बदलताना पिशवीवर ‘ज्येष्ठांसाठी’ लिहिले आहे एवढ्यावर जाऊ नये. निरोगी ज्येष्ठ कुत्र्याला स्नायू टिकवण्यासाठी चांगल्या प्रतीची प्रथिने पुरेशी लागतात, तर मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला वेगळा आहार. हा निर्णय तपासणीच्या निकालावरून घ्यावा.

तपासणीला जाताना वहीत लिहिलेले वजन, पाण्याचे माप आणि झोपेतील श्वासांचा आकडा बरोबर न्यावा. त्याखेरीज कुत्रा सकाळी झोपेतून उठतो तेव्हाचे आणि जिना चढतानाचे चित्रण फोनवर काढून ठेवावे. दवाखान्याच्या अनोळखी वासांनी आणि ताणाने सजग झालेला कुत्रा तेथे सहसा लंगडत नाही, आणि घरी रोज दिसणारे दुखणे पशुवैद्याला दाखवण्यासाठी ते अर्ध्या मिनिटाचे चित्रणच हाताशी असते.